प्रेक्षक : सतरा

रजिस्टर माझ्याजवळच राहिलं.
हिरवा पुठ्ठा, कडेला तेलाचे डाग,
पहिल्या पानावर लालवानी शेठनं काढलेलं स्वस्तिक
आणि खाली, नागपूर ऑरेंज फायटर्स, व्यावसायिक संघ.
'व्यावसायिक' त्यानं दोनदा गिरवलं होतं.

मैदान म्हणजे उमरेड रोडचं रुक्मांगद सभागृह.
पाचाविरुद्ध पाच,
चारी बाजूंनी शेठच्याच दुकानातलं प्लायवूड.
बॉल बाहेर जायचाच नाही,
आदळून परत यायचा
उधारी मागायला आल्यासारखा.
पिवळ्या टेपच्या रेघा मी मारायचो.
लग्न असलं की टेप काढा,
वऱ्हाड गेलं की पुन्हा चिकटवा.
लीगचं वेळापत्रक शेठ पंचांगातून काढायचा.
गुरू-शुक्राचा अस्त
तो आमचा उदय.

गोलमध्ये इश्तियाक, मोमिनपुऱ्याचा,
रात्री पॉवरलूम, संध्याकाळी आम्ही.
पाचपावलीचा नंदू हेडाऊ डावखुरा,
उजवा पाय फक्त स्कूटरला किक मारायला.
कामठीचा ॲल्विन चिडला की
बॉलला इंग्रजीतून शिव्या द्यायचा.
आणि छिंदवाड्याकडचा उईके,
ज्यानं पहिल्या दिवशी बूट दारातच काढले.
हॉल आहे नं भाऊ, म्हणाला,
आत कसे घालू?

मॅचमागे चारशे, पाकिटात.
जिंकलो तर वर तर्रीपोहा.
पहिल्या वर्षी पोह्याचा खर्च शून्य.
रायपूर आलं, भिलाई आलं, अमरावती आलं,
सगळ्यांनी धुतलं आणि
जाताना संत्री घेऊन गेले.
दुसऱ्या वर्षी अकोल्याशी बरोबरी झाली,
तर शेठ जरीपटक्यापर्यंत हॉर्न वाजवत गेला.

तिसरं वर्ष मात्र खरं.
एप्रिल. कूलरचं पाणी फरशीवर आलेलं,
हेडाऊ घसरला आणि घसरता घसरता गोल झाला.
तिथून सलग सहा.
पेपरात तीन ओळी छापून आल्या
नाव चुकवून, ऑरेंज लायटर्स.
तरी इश्तियाकच्या अम्मीनं कात्रण
रेशनकार्डात घालून ठेवलं.

मग पाकिटं पातळ झाली.
मग चिठ्ठ्या.
मग नुसतं 'सोमवारी'.

फायनलला जबलपूर यायचं होतं.
गाडी सिवनीला बंद पडली, म्हणाले,
नंतर फोनच उचलला नाही.
रेफरीनं पंधरा मिनिटं घड्याळ पाहिलं
आणि चषक हेडाऊच्या हातात दिला.
हेडाऊनं तो खुर्चीवर ठेवला.
"असा कसा घेऊ बे?
घामबी नाही आला अजून."

मग आपसातच खेळले.
तीन इकडे, दोन तिकडे,
इश्तियाक अर्धा वेळ या गोलात, अर्धा त्या.
रेफरी शिट्टी खिशात घालून
उईकेच्या बाजूनं उतरला.
मी गोल मोजले नाहीत.
चार वर्षांत पहिल्यांदाच
पेन खाली ठेवून पाहत होतो.

शेठनं हिशोब प्लायवूडनं चुकवला.
माणशी दोन पत्रे, दीड इंच कमीजास्त.
उईकेनं आपले एसटीच्या टपावर बांधून नेले,
त्यांचं पुढं काय झालं माहीत नाही.
इश्तियाकच्या घरी त्यांचं पार्टिशन आहे.
आतल्या बाजूला अजून वाचता येतं,
लालवानी प्लाय, पाण्यालाही पुरून उरे.
त्याची पोरगी तिथंच बॉल मारत बसते,
शेजारचे ओरडतात,
बॉल परत येतो.

काल रजिस्टर रद्दीत द्यायला काढलं
आणि शेवटचं पान वाचत बसलो.
विरुद्ध संघ : गैरहजर.
निकाल : विजयी.
प्रेक्षक : सतरा.
त्यातले सहा केटरिंगचे, दोन मंडपवाले,
एक जण तर हॉलची तारीख विचारायला आलेला,
मुलीचं लग्न होतं त्याच्या,
हातात पत्रिकेचा नमुना.
तो शेवटपर्यंत उभा होता.