कानोसा

गुरुवारी एल आल्तोच्या बाजारात
श्वास सोडून सगळं मिळतं.
दोन्या एलेउतेरियाच्या ताडपत्रीवर
मेलेले रेडिओ, एका पायाच्या बाहुल्या, वायरींची भेंडोळी,
आणि तळाशी तो हिरवा तुकडा, काडेपेटीएवढा,
कुण्या विद्यार्थ्यानं अर्ध्यात सोडलेला.
“हे कशाचं?”
“कुणास ठाऊक. ऐंशी दे.”
मी साठ दिले, आणि वर तिच्या पोराचा मोबाइल दुरुस्त करून.

नकाशा फुकट होता.
कुठल्याशा देशातल्या अनोळखी माणसानं
पाणपोईसारखा उघडा ठेवलेला:
या, प्या, भांडं पालथं घालून जा,
चूक दिसली तर दुरुस्त करून जा.
तीन दिसल्या. दोन त्याच्या.
तिसरी माझी, ती सापडायला अकरा रात्री गेल्या.

बाबा खिडकीशी असतात.
सव्वीस वर्षं मिनीबस चालवली त्यांनी,
वरून खाली ला पाझपर्यंत,
पोऱ्या नसला की थांबे स्वतःच ओरडत.
आठ महिन्यांपूर्वी एका पहाटे उजवं अंग गेलं
आणि जाताना आवाज घेऊन गेलं.
डावा हात चालतो, पण तो कशालाच उत्तर देत नाही.
दवाखान्यातली बाई चित्रांची पाटी धरते:
पेला, संडास, सफरचंद.
बाबा इयिमानीच्या बर्फाकडे बघत राहतात.
“समजतं त्यांना सगळं,” डॉक्टर म्हणाले. “बहुतेक.”

त्या ‘बहुतेक’ला मी टोपी शिवली.
आईनं विणलेली, कान झाकणारी, लाल;
आतून उसवून तीन बिंदू टाचले,
दोन कानांमागे, एक डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर,
जिथं म्हणे बघणं राहतं.
पहिला नियम: लॅपटॉप बॅटरीवर,
माणसाला भिंतीतल्या विजेशी बांधायचं नाही.
तरी भिंत गुणगुणतेच, सेकंदाला पन्नासदा,
तिला गाळून काढावं लागतं, तांदळातल्या खड्यांसारखं.
पापणी हलली की डोंगर उठतो.
दात आवळले की गारपीट.
हे मेंदूचं नाही, हे नुसतं तोंडाचं.

आधी स्वतःवर.
डोक्यात काय शिजतंय ते कळेल, असं वाटलं होतं.
कळतं ते इतकंच, की चूल पेटलीय.
पण डोळे मिटले,
आणि त्या खरखरीतून एक लाट वर आली,
सेकंदाला दहा, संथ, झुलती,
जणू घरात कुणी नसताना पाळणा हलतोय.
डोळे उघडले. विस्कटली.
मिटले. आली.
रात्री दोन वाजता मी एकटीच हसले.

मग बाबा.
“पाच मोजेपर्यंत डोळे मिटा, दिवा लागेल.
पुन्हा मिटा, विझेल.”
सुटे पैसे नसलेल्या प्रवाशाकडे बघावं तसं
बघितलं त्यांनी माझ्याकडे.
दिवा लागला नाही.
मी चहा ठेवायला आत गेले,
खरं तर डोळे पुसायला.

बाहेर भाचा, एदिल, आला असावा.
त्यानं दिव्याची पिन काढून रेडिओची खोचली,
चेष्टा म्हणून, आणि गाणं लावलं,
तेच, जे सगळ्या वस्तीत आठवडाभर वाजतंय.
दुसरं कडवं सुरू झालं,
आणि टक्.
शांतता.
“लाइट गेली?” एदिल ओरडला.
चहा उकळत होता, आतला बल्ब जळत होता.
मी दारात आले.
बाबांनी डोळे उघडले.
तोंडाची डावी कड वर गेली, जराशी, वाकडी.
आठ महिन्यांतलं त्यांचं पहिलं मत:
गाणं भिकार आहे.

माझी ती चूक आणि त्याच्या दोन
मी नकाशात नोंदवून ठेवल्या, पुढच्या तहानेल्यासाठी.

आता ते टोपी काढू देत नाहीत.
कधी मध्यरात्री दिवा लागतो.
झापड आली की हाक मारली,
साठ बोलिव्हियानोच्या यंत्राला फरक कळत नाही.
मलाही नाही.
मी उठते.