मधली तार

नारिनच्या पुढे, तोरुगार्त खिंडीच्या वाटेवर
माझं गॅरेज : एक कंटेनर, एक शेगडी, एक म्हातारा कुत्रा.
बाहेर उणे एकतीस.
पाना उघड्या हातानं धरला
तर सालडं घेऊनच सुटतो.

मिर्झाबेकचा कामाझ पुन्हा दोरानं ओढून आणलाय.
"बुरुलाय, बॅटरी गेली."
कोणती, मी विचारत नाही.
खालची.
मागच्या हिवाळ्यात खालचीच,
त्याच्या मागच्याही.

ट्रकला चोवीस व्होल्ट लागतात.
म्हणून बाराच्या दोन,
पेटीत शेजारी-शेजारी
पण हिशेबात एकीच्या खांद्यावर दुसरी.
गारठलेलं इंजिन हलवायचं
तर दोघींनी एकदमच जोर लावायचा.

पण टेप बाराचा.
चहाची किटली बाराची. पायाशी पंखा, फोन,
काचेवर लुकलुकणारा प्लास्टिकचा घोडा,
सगळं बाराचं, आणि सगळं त्यानं टांगलंय मधल्या तारेवर,
जिथं एक संपते आणि दुसरी सुरू होते.
स्वस्तात झालं. हातभर वायर, काळी चिकटपट्टी
आणि बाजारात बसणारा एक हुशार मेव्हणा.

मी मीटर लावते.
खालची नऊ पूर्णांक आठ. वरची बारा पूर्णांक नऊ.
नुसती बेरीज पाहिली तर बावीसच्या वर,
पार मेलेली नाही वाटत.
बेरजेला कुणाची भूक दिसत नाही.

डायनॅमो प्रामाणिक आहे, मोजून अठ्ठावीस देतो.
दोघींत ते कसे वाटले गेले, त्याला ठाऊक नाही.
खालची अर्धपोटीच राहते
आणि थंडीत तिचंच पोट फुगतं,
कारण पाणी रिकामीचं गोठतं, भरलेलीचं नाही.
वरचीला मात्र वाढतच राहतात,
तिचं आतलं उकळून जातं, झाकणाशी पांढरी खरपुडी धरते.
एक उपासानं, एक अजीर्णानं.

"सासूसारखी बोलतेस," मिर्झाबेक हसतो.
मी खालची उचलून बर्फात ठेवते.

आम्हीही दोघी.
अनारकुल येकातेरिनबुर्गला गेली, मी इथं राहिले.
राहिलेलीच्या पायाला जमीन जोडलेली असते ना,
म्हणून ज्याला थोडंसंच हवं तो माझ्याकडे आला :
वडिलांची औषधं, शेजाऱ्याचा अर्ज,
मामाच्या मेंढ्यांचं एक रात्रीचं राखण.
थोडंसंच. बाराचंच.
मी मनात म्हणायची, ती वर आहे, तिचं भागतंय.
महिन्याच्या महिन्याला पैसे येत. फोनवर आवाज खणखणीत.

शरदात ती आली.
ब्लीचनं बोटांची टोकं पांढरी पडलेली.
रात्री दोनला उठून ती माझंच स्वयंपाकघर घासत बसली
आणि म्हणाली, "झोप येत नाही, सवय गेली."
मी दारातच उभी राहिले.
माझ्याकडे त्या दिवशी मीटर नव्हतं.
असतं तरी काटे कुठं टोचायचे?

असो. मिर्झाबेकला मी कन्व्हर्टर बसवला,
विटेएवढा डबा, दोघींकडून सारखं घेतो
आणि बारा करून देतो.
मधली तार कापली. घोडा लुकलुकला.
किटलीनं अंमळ वेळ लावला, पण उकळली.

"आता खालची नवी घे."
"आणि वरची?"
"तीही."
"तिला काय धाड भरलीय? तेरा दाखवतेय जवळजवळ!"

मी वरचीची झाकणं एकेक करून फिरवली,
बॅटरीचा दिवा आत धरला.
तळाशी उघड्या पट्ट्या, कोरड्या, वाकलेल्या.
"बघ," मी म्हटलं,
"विचारलं की ती असंच सांगते."