रेघेपुढे

पैसे मोजून झाले तरी इडवलने कागद दिले नाहीत.
रस्त्यावर खडूने रेघ ओढली,
म्हणाला, "चाळीसने ये. इथं ब्रेक दाब."

एकाहत्तरची गाडी. बॉनेटखाली तीनशे घोडे,
ब्रेक मात्र त्या काळचे,
दाबले की जरा विचार करणारे.
धुक्यानं डांबर ओलं.

थांबलो तेव्हा वाटलं, जमलं.

तो रेघेपासून पावलं मोजत आला,
मोठ्यानं, वेल्शमध्ये,
अन् वाकून पुढच्या चाकामागून
काढला एक लाल गमबूट,
चपटा.
नातीचा, तिला लहान झालेला.
मला दिसलाच नव्हता.

"शाळेची बस याच वळणावर थांबते."

गाडी आता माझ्या नावावर आहे.
ते वळण आलं
की मागचे हॉर्न वाजवतात.
वाजवू देत.