कणीक कापायचं पातं

नुक्री आठ महिन्यांनी कामावर यायचा होता.
आदल्या रात्री मी कणीक कापायचं पातं
पिठाच्या पोत्यांमागे सरकवून ठेवलं.
कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीत एवढंच:
पहिले पंधरा दिवस दोनच तास,
रात्रपाळी नको, आठची गोळी चुकू नये.

कुतैसीत पहाटे बर्फ भुरभुरत होतं.
तो आला, टोपी झटकली,
खिळ्यावरचा ॲप्रन माझाच का, म्हणाला.
त्याचाच. त्सियाला दर महिन्याला धुवायची,
न मळलेला.

हात थरथरत होते.
गोळ्यांनी होतं तसं. मीठ तू मोज.
मग भट्टीच्या तोंडाशी उभा राहून
आत बघत राहिला बराच वेळ,
आणि मी त्याच्याकडे,
डोळ्याचं पातं लवू न देता,
दूध उतू जाईल म्हणून बघावं तसं.

'पातं कुठंय?'

धार लावायला दिलंय, म्हणता आलं असतं.
मी पोती सरकवली.
त्यानं पात्यावरचं पीठ फुंकलं.
'आईनंही घरातल्या सुऱ्या लपवल्यात.
लोणी चमच्यानं लावतो आम्ही.'
आणि हसला. मला नाही जमलं.

पहिले गोळे लहानमोठे.
तिसऱ्या घाण्याला काटा मध्ये यायला लागला.

गुरुवारी तो आला नाही.
ॲप्रन खिळ्यावर. पातं फळीवर,
त्याच्या हाताला लागतं तिथं.

शुक्रवारी सव्वासहाला दार वाजलं.
'उशीर झाला,' म्हणाला.
मी म्हटलं, कणीक अजून फुगतेय.