सात वेळा

तुरीचा दाणा दाताखाली धरून
हलकुडे अप्पा ओलावा सांगायचे : साडेअकरा.
मशीन लावलं की मशीनही तेच म्हणायचं,
थोडं उशिरा.
हे मी स्वतः पाहिलंय, उदगीरच्या मोंढ्यात,
म्हणून त्यांची टिंगल करायला
माझी जीभ अजून नीट वळत नाही.

पण त्याच दातांनी
त्यांनी माझा नकाशा चावून पाहिला.

"सपाट छत कशाला, मोमीन? गोदाम हाय का?"
डाळ मिलच्या पावतीच्या पाठीवर
एक अर्धगोल ओढला,
लहान पोरं सूर्य काढतात तसा, किरणांशिवाय.
"असं पायजे. विजापूरसारखं."
म्हटलं, अप्पा, ही अभ्यासिका. पोरं नीटची तयारी करणार,
घुमटात आवाज फिरतो.
"फिरू द्या की. आवाज हाय, म्हैस नाही."
विश्वस्त हसले.
मीही हसलो.
माझ्या बिलाचा दुसरा हप्ता यायचा होता.

इरण्णा गवंड्यानं एक कमान तीनदा पाडली,
कारण ती अप्पांच्या डोळ्याला तिरकी दिसायची.
ओळंबा सरळ सांगायचा.
ओळंब्यानं देणगी दिलेली नव्हती.

एकदा, चेकवर सही करता करता, ते बोलून गेले :
पाचवीची सहल. आत जायचे पैसे नव्हते.
गुरुजींनी चपलांजवळ बसवलं,
बेचाळीस जोड.
आतून एकेका पोराचं नाव सात वेळा येत होतं,
आणि हे बाहेर बसून मोजत होते.
मग पेनचं टोपण लावलं आणि म्हणाले,
खिडक्या कमी करा, आवाज सांडतो.

उद्घाटनाला चार पानांचं भाषण
चाळीस मिनिटं चाललं.
प्रत्येक वाक्यानंतर अप्पा थांबायचे,
ते परत येईपर्यंत,
कुणाला तरी दारापर्यंत सोडायला गेल्यासारखे.

मग पोरं आली.
देवणीचा एक जण पुटपुटायचा : सोडियम एक, मॅग्नेशियम दोन,
आणि पलीकडच्या भिंतीशी बेडकाचं हृदय पाठ करणारीच्या
तीन कप्प्यांत सोडियम शिरायचं.
पान उलटलं तर कोंबडा फडफडल्यासारखं.
अकराच्या सुमाराला कुणाचं पोट गुरगुरलं
तर डबा कुणाचा आला नाही
हे सगळ्या हॉलला कळायचं.
दुसऱ्या आठवड्यात चटया बाहेर गेल्या.
सकाळी घुमटाच्या पश्चिमेला, दुपारनंतर पूर्वेला,
सावलीमागं सरकत सरकत
त्या पोरांनी अर्धं जीवशास्त्र संपवलं.
सावली मात्र बरी पडते. तेवढं लिहून ठेवतो.

एप्रिलात मी भेगा मोजायला गेलो होतो,
तर अप्पा एकटेच आले, ड्रायव्हरशिवाय.
"भाईर काय करलालाव रे?"
पोरं गप्प. महानंदा तेवढी उठली.
"आत लई ऐकू येवलालंय, अप्पा."
"काय?"
"समदंच."

ते काही बोलले नाहीत.
पायरीवर चपला काढल्या, आत गेले,
मधोमध उभे राहिले.
दार उघडं होतं म्हणून मला दिसलं :
एक हात मागं, दुसऱ्या हाताचा अंगठा
बोटांच्या पेरांवर.
मग एक नाव. हळू.
त्यांचं नव्हतं. आईचं असेल,
किंवा त्या बेचाळिसांपैकी कुणाचं.
मी विचारलं नाही.

पायरीवर ऊन आलं होतं.
महानंदानं पुस्तकातून डोकं न काढता
त्यांच्या चपला पायानं सावलीत ओढल्या.

बऱ्याच वेळानं अप्पा बाहेर आले,
चपला घातल्या, माझ्याकडं पाहिलं,
मोंढ्यात दाणा थुंकताना पाहायचे तसं.

"पाचच वेळा येतंय, मोमीन.
सिमेंट कमी घातलंस."