भूल देण्याआधी

बाहेर उणे एकतीस. उलानबातरच्या कोळशाच्या धुरातून
सकाळ अजून सुटलेली नाही.
मी लिडोकेनच्या काचनळ्या काखेत धरून वर्गात येते.
पोरं हसतात.
हसा. गार औषध हिरडीत शिरताना
रोग्याच्या डोळ्यांत काय येतं ते दुपारी कळेल,
दुपारी रोगी तुम्हीच आहात,
एकमेकांचे.

फळ्यावर: किलोला चार पूर्णांक चार मिलिग्रॅम. एका नळीत छत्तीस.
सोळा किलोचं पोर. जास्तीत जास्त किती नळ्या?
"दोन," तोमोरखुयाग झटकन म्हणतो.
दोन म्हणजे बहात्तर. सत्तरावर थांबायचं होतं.
"दोनच तर मिलिग्रॅम," तो पुटपुटतो.
बरं. आणि पोर सोळाचंच आहे हे तुला कुणी सांगितलं?
खोव्दच्या पलीकडे बाप पोराला बगलेत धरून उचलतो
आणि म्हणतो, दोन वर्षांच्या मेंढ्याएवढं असेल.
कुठला मेंढा? शरदातला,
की हिवाळा काढून नुसती हाडं घेऊन आलेला?
वर्ग हसतो.
मी हसत नाही.

खुलान, लेखणीसारखी नको धरूस, तळवा वर.
हाड लागेपर्यंत जा. लागलं की केसभर मागे ये.
थांब.
दट्ट्या आधी ओढ, मग दाब.
नळीत लाल धागा उमटला तर तू शिरेत आहेस.
नाही उमटला तरी घाई नको,
एका नळीला एक मिनिट.
भूल देणं आणि भूल होणं
यांत दट्ट्याएवढंच अंतर आहे.

आणि तेवढ्यात खुर्चीतला तोमोरखुयाग पांढरा पडतो.
कपाळावर घाम, मान एका बाजूला.
दातांचे अकरा भावी डॉक्टर, त्यातल्या दहांची दातखीळ बसलेली.
कुणी पुस्तकातलं कारण सांगतंय,
कुणी मलाच हाक मारतंय.
दोनदा नापास झालेली ओद्गेरेल तेवढी
खुर्ची आडवी करते, त्याचे पाय उचलून खांद्यावर घेते
आणि भिंतीकडे बघून म्हणते,
"दोन वाजून सात."

मिनिटाभरात तो डोळे उघडतो. ओशाळतो.
सकाळपासून काही खाल्लं नव्हतं म्हणे.
घेरी होती. दहातल्या नऊ वेळा घेरीच असते.
दहाव्या वेळेसाठी तो लाल डबा.
कुठे आहे लाल डबा?

सगळी बोटं खिडकीकडे.
तिथे तो सोमवारी होता.
मी हलवला. मी दर आठवड्याला हलवते.
तुमच्या दवाखान्यातही कुणीतरी हलवेलच,
झाडताना, रंग देताना, कपाट दुसऱ्याला हवं झालं म्हणून.
आणि सापडल्यावर?
अॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला.
मांडीच्या वर हिवाळ्याचा मेंढीच्या कातड्याचा देल असतो.
त्याला गुंड्या किती ते आजच घरी जाऊन मोजा.

मी एकदा मोजल्या होत्या.
पाच. पाचवी गोठलेली होती.

यावर प्रश्न विचारू नका.

चार वाजता थर्मास उघडतो, वाट्यांत खारा दुधाचा चहा.
नाही. कुणीही तोंडाला लावायचा नाही
जोवर ओठ परत येत नाहीत.
हे सांगायला विसरलात तर पोर स्वतःचा गाल चावत बसतं,
त्याला वाटतं दुसऱ्याचाच आहे.
ओद्गेरेलला स्वतःचं नाव म्हणता येत नाही,
र अर्ध्या जिभेवरून घसरतो.
अकरा जण खालचा ओठ चिमटून बघतायत,
वाट्यांवर साय धरतेय.

मी उठते, उगाच कपाटाकडे जाते.
बाकीचे चहाकडे बघत बसलेत.
ओद्गेरेल बघतेय
माझे हात कुठे जातात ते.