शोकेसमागची भिंत

निनाद हे नाव आम्हीच ठेवलं.
बारशाच्या दिवशी कुणाला ठाऊक होतं
की हा मुलगा दोन्ही कानांवर हात ठेवून
पाच वर्षांचा होईल.

ऐरोली, सेक्टर तीन, सिडकोचं वन रूम किचन,
त्यात आम्ही तिघं
आणि दोनशे अकरा ग्लास.
खरंच मोजले मी. लग्नातले, मुंजीतले, वास्तुशांतीतले,
ठिपक्याठिपक्यांनी नावं कोरलेले,
ज्यांची नावं, ती माणसं आता फोनही करत नाहीत.
खालून ट्रक गेला की शोकेसमध्ये ते एकमेकांना लागायचे,
बारीक, दातावर दात घासल्यासारखे.
मला ऐकू यायचं नाही. त्याला यायचं.

थेरपीच्या ताई म्हणाल्या, घर शांत करा.
मी म्हटलं, आम्ही भांडत नाही हो.
त्या म्हणाल्या, माणसं नव्हे. घर.

मग एका रविवारी मी
दाराजवळ जमिनीवर बसले, त्याच्या उंचीला,
आणि ऐकलं.
ट्यूबलाइट बोलत होती.
फ्रिज घसा खाकरत होता.
पंख्याची कुईकुई, मोरीतला नळ,
कॅलेंडरचं पान भिंतीवर टकटक,
गेल्या दिवाळीचं प्लास्टिकचं तोरण ऑगस्टातही सळसळत,
आणि रंग! रंगसुद्धा ओरडत होते:
उशांचे अभ्रे, फ्रिजवरची स्टिकरं,
हेरंबनं सेलमधून आणलेली ती सूर्यफुलं.

हेरंब म्हणाला, पण लागेल की कधीतरी.
हेच तो टीव्हीच्या थर्माकोलबद्दल म्हणाला होता,
जळालेल्या मिक्सरबद्दल,
जोडीदार हरवलेल्या एका चपलेबद्दलही.
मी म्हटलं, तुझं ते कधीतरी
आजच आहे.

ग्लास किलोवर गेले.
वजन करणाऱ्यानं नावं वाचली नाहीत.
मी वाचली. चार ठेवले.
कुणाकुणाचे, ते सांगणार नाही.
रामसूरत सुतारानं शोकेस चार तासांत सोडवली,
मागे तिच्याच मापाचा चौकोन निघाला,
पहिल्या दिवसाचा फिकट हिरवा,
बारा वर्षं कुणी न पाहिलेला.

आम्ही दोघं मधोमध उभे,
निकालाच्या दिवशी शाळेत उभं राहावं तसे.
निनाद आला, थांबला,
आणि शिंकला.

शिंक चारी भिंतींवरून परत आली.
तो किंचाळला.
किंचाळीही परत आली.

हे कुणी सांगितलं नव्हतं,
की रिकामं घर शांत नसतं.
ते आपलं सगळं ऐकून घेतं
आणि आपल्यालाच बोलून दाखवतं,
आमच्या मावससासूबाईंसारखं.

रात्री अकराला हेरंब उठला,
जिन्याखालच्या गठ्ठ्यात हात घालून
भिशीच्या बायका बसायच्या ती
निळ्या पट्ट्यांची जाड सतरंजी उपसून आणली.
शोकेसच्या मागे राहिलेल्या दोन हुकांना बांधली,
हिरव्या चौकोनावर. ड्रिल नाही, हातोडी नाही.
'बघ, लागली की नाही'
असं तो म्हणाला नाही. मी वाट पाहत होते.

खुर्च्यांच्या पायांत जुने मोजे आले.
ट्यूब गेली, कोपऱ्यात एक पिवळा दिवा,
जमिनीलगत.

लोक विचारतात, सतरंजी भिंतीवर?
धुऊन वाळत घातलीय का?
मी हो म्हणते. पाणी देते.
ग्लास चारच, म्हणून पाहुणेही बेतानं येतात.

खाडीकडून वारा आला की ती जराशी हलते,
आवाज न करता.
काल संध्याकाळी निनाद तिला पाठ टेकून बसला होता.
डास चावला असणार.
त्यानं एक हात कानावरून काढला,
गुडघा खाजवला.
मग दुसराही काढला.
दुसऱ्या गुडघ्याला काहीच झालं नव्हतं.